तीन डबे, एक गिऱ्हाईक

मला लोकांच्या पिशव्यांत डोकावायची खोड आहे. बाजारात समोरून कुणी आलं की माझी नजर आधी पिशवीकडे जाते आणि मग चेहऱ्याकडे. ह्या माणसानं एवढी कोथिंबीर का घेतली, त्या बाईनं चांगली वांगी सोडून दोडकाच का उचलला, हे मला उगीचच जाणून घ्यावंसं वाटतं. आमचे हे म्हणतात, तुला पोलिसात घालायला पाहिजे होतं. मी म्हणते, पोलीस फक्त चोरांना विचारतात, मला तर सगळ्यांनाच विचारायचं असतं.

माहेरी अकलूजला असं कुतूहल वाटायला जागा नव्हती. आमचा ऊस कुठल्या कारखान्याला जाणार हे ठरलेलं आणि तोडीची पाळी कधी येणार हेही दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं. दूध सहकारी डेअरीत जायचं आणि खतही संस्थेतून यायचं. वडील पाळीची वाट बघत ओट्यावर बसायचे. त्यात वाईट काही नव्हतं, उलट आमच्या घरात कुणाला उद्याची धास्ती नव्हती. मी शिकले ती त्या उसाच्याच जोरावर. पण माझा मामा सांगोल्याचा, डाळिंबवाला. तो क्रेट भरून लिलावाला गेला की परत येईपर्यंत मामीला कळायचं नाही की आज घरात गोडधोड होणार का कुणी कुणाशी बोलणारच नाही. लहानपणी एकदा मी त्याला विचारलं, डाळिंबाचा भाव कोण ठरवतं.

“कोण न्हाय,” मामा म्हणाला.

“कोण न्हाय म्हंजे?”

“घेणाऱ्याला वाटतंय मी ठरवला. मला वाटतंय त्यानं ठरवला. खरं तर दोघांनी बी न्हाय.”

हे उत्तर मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे सोलापुरात, भाकरी विकायला लागल्यावर, त्याची आठवण वरचेवर यायला लागली.

भाकरी म्हणजे आमची कडक भाकरी. ज्वारीची, पातळ थापलेली, तव्यावर भाजून मंद आचेवर वाळवलेली. महिना महिना टिकते. पोरं पुण्याला शिकायला गेली की आया डब्यात शेंगांच्या चटणीबरोबर ह्याच भाकरी भरून पाठवतात. आम्ही तिघी करायचो. मी, माझी धाकटी जाऊ आणि शेजारची खाला. खाला वयानं माझ्या आईएवढी, नवरा टेम्पो चालवायचा, तो गेल्यापासून ती एकटीच राहते, लेक गावातच दिलेली. तिचे हात कापतात. जाऊ दुधनीची, घरात कन्नड बोलत वाढलेली. तिच्या माहेरी भाकरी कागदासारखी पातळ करतात आणि वर तीळ लावतात. आम्ही केलेल्या भाकरी स्टँडजवळच्या एका किराणा दुकानात पत्र्याच्या मोठ्या डब्यात ठेवत असू. गिऱ्हाईक झाकण उघडून आपल्या हातानं वेचून घ्यायचं.

ह्या कामाची व्यवस्था मी लावली होती. कुणी मला नेमलं नव्हतं, पण अकलूजचं रक्त. सकाळी तिघींनी सारख्याच भाकरी करायच्या. सगळ्यांचा आकार एकच, त्यासाठी माझ्या घरच्या पिठाच्या डब्याचं झाकण भाकरीवर दाबून कडा कापायच्या. तीळ लावायचे नाहीत, कारण तीळ लावले की एकीची भाकरी वेगळी दिसते. मग सगळ्या भाकरी एकत्र करून, पत्त्यांसारख्या पिसून, डब्यात भरायच्या. कुणाची कुठली हे कुणालाच कळायला नको. येतील ते पैसे तीन ठिकाणी सारखे. एखादी आजारी पडली तर बाकीच्या दोघी जास्त करायच्या आणि तिचा वाटा तिला पोचवायच्या. आमचे हे ह्याला पंचवार्षिक योजना म्हणायचे. “पाची बोटं सारखी नसतात गं,” असंही एकदा म्हणाले. मी म्हटलं, “म्हणून तर झाकण लावते.”

ह्या सगळ्याचं मूळ खाला होती, निदान मी तसं मानत होते. तिच्या भाकरी जाड व्हायच्या, कडेला चिरायच्या. संध्याकाळी दुकानातून मोडक्यातोडक्या भाकरींचे तुकडे परत यायचे, ते बघून मी मनात म्हणायची, हे खालाचे. आपण तिला सांभाळून घेतोय, असं वाटून बरं वाटायचं. तिला सांभाळण्यापुरतं आपलं बरं चाललंय, असंही.

एके दिवशी दुपारी जाऊ परात घासता घासता म्हणाली, “अक्का, मला माझा डबा वेगळा पायजे.”

मला आधी वाटलं, ती घरातल्या पिठाच्या डब्याबद्दल बोलतेय.

“दुकानातला,” ती म्हणाली. “माझ्या भाकरी माझ्या डब्यात. तीळ लावून. खपल्या तर माझ्या, उरल्या तर माझ्या.”

“का? पैशाला कमी पडतंय?”

“पैशाचं न्हाय. लोक माझ्या भाकरी वेचून नेत्यात. मला दिसतंय. पण त्यांस्नी ठाव न्हाय त्या कुणाच्या. मी कोण हाय त्या डब्यात?”

लोक कसे वेचणार, मी म्हटलं, आकार तर एकच आहे. जाऊ आत गेली आणि तीन भाकरी घेऊन आली. त्यातली एक पालथी करून तिनं माझ्यासमोर धरली. भाकरी थापताना जी बाजू वर असते ती तव्यावर पालथी जाते. पाणी फिरवतात ते दुसऱ्या बाजूला. त्यामुळे थापलेल्या बाजूला बोटं जशीच्या तशी राहतात. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि कधीच दिसलं नव्हतं. जाऊची करंगळी लहानपणी उखळात सापडून वाकडी झालीय. तिच्या भाकरीला कडेनं बारीक बारीक चंद्रकोरी उठल्या होत्या, सगळीकडे सारख्या. दुसरी भाकरी खालाची होती. तिच्यावर बोटं नव्हतीच, सगळा तळवा उमटलेला, कारण बोटं कापतात म्हणून ती तळव्यानं थापते. माझ्या भाकरीवर पहिल्या दोन बोटांचे खोल खड्डे होते.

मी एवढं झाकण लावून एकसारखं केलं होतं आणि गिऱ्हाईक भाकरी उलटी करून बघत होतं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्याआधी मला हसू आलं, आणि त्याहून जास्त म्हणजे दुकानात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

तरी मी जाऊला नाही म्हटलं. “तू निघालीस तर खालाचं कसं हुईल? तिच्या भाकरी एकट्या डब्यात ठेवल्या तर कोण हात लावणार?”

“खालाला इचारलं का?”

“त्यात काय इचारायचं? दिसतंय की.”

“तुमास्नी सगळं दिसतंय अक्का,” जाऊ म्हणाली. “इचारायचं तेवढं राहून जातंय.”

त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात भांडी जरा जास्तच वाजत होती. आम्ही दोघी एकाच घराच्या वरच्या-खालच्या मजल्यावर राहतो, दोघींचे नवरे एकाच टॉवेलच्या कारखान्यात, सणावाराला एकच चूल. भांडण परवडणारं नव्हतं. आणि ती खरंच गेली असती तर आमचा धंदाच बसला असता, हेही मला कळत होतं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं मी ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, “भलं नेमकं कुणाचं करतीयस ते एकदा बघ तरी.” शेवटी मी एक मधला मार्ग काढला. तीन डबे ठेवायचे, एकेकीचा एकेक. महिनाभर बघायचं. खालाचा डबा भरलेलाच राहिला की जाऊला आपोआप कळेल आणि ती परत एकत्र येईल. खालाला मी फक्त सांगितलं. तिनं पान लावता लावता मान हलवली. “हौ,” म्हणाली, “रख डिब्बा.”

दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. पहिल्या दिवशी मी तिथं बाकड्यावर बसले. इतका रस प्यायले की संध्याकाळी जेवण गेलं नाही.

जाऊचा डबा दुपारच्या आत रिकामा झाला. हे अपेक्षित होतं. बायका यायच्या, तीळ बघायच्या, भाकरी पालथी करून चंद्रकोरी बघायच्या आणि वेचायच्या. एक बाई तर दुकानदाराला म्हणाली म्हणे, इतके दिवस हीच हुडकत होते. दुसऱ्या आठवड्यापासून जाऊ जरा वेगळीच चालायला लागली. पदराला पीठ तसंच ठेवून भाजी आणायला जायची. एक दिवस तिनं भाकरी केल्याच नाहीत, दुधनीला जत्रेला गेली. पूर्वी असं जायचं तर मला विचारावं लागायचं आणि मी बाकीच्यांचा हिशेब लावून बहुतेक नाही म्हणायची. ह्यावेळी ती नुसतं सांगून गेली आणि येताना माझ्यासाठी बांगड्या घेऊन आली. त्या बांगड्या बघून मला का कोण जाणे ओशाळल्यासारखं झालं.

खालाच्या डब्याची मात्र मला काळजी होती. मी रसाचा ग्लास हातात धरून त्याच्यावरच नजर लावून बसले होते. पहिले दोन दिवस त्याला कुणी हात लावला नाही. मी मनातल्या मनात जाऊला म्हणत होते, बघ. तिसऱ्या दिवशी एक लॉरीवाला उतरला. हैदराबादच्या बाजूला जाणारा असावा, बोलणं तेलुगूमिश्रित होतं. त्यानं जाऊच्या डब्यातली भाकरी उचलली, दोन बोटांत धरून वाकवली, ती कटकन मोडली. मग त्यानं खालाची उचलली. ती मोडली नाही. त्यानं तिचा गठ्ठा घेतला. मला राहवेना. मी रस्ता ओलांडून गेले आणि त्याला विचारलं, “ह्याच का घेतल्या?”

तो माझ्याकडे बघायला लागला. कुणी बाई असं विचारते याची त्याला सवय नसावी. “गाडीत बाकीच्याचा भुगा होतो ताई,” तो म्हणाला. “आणि ही आमटीत टाकली तर विरघळत नाही. पोटाला लागते.”

त्याच्यामागून दुसरे आले, त्याच्याच ओळखीचे. त्यानंतर एक म्हातारे गृहस्थ यायला लागले, ते जाड भाकरी रात्री दुधात भिजत घालायचे. पातळ भाकरीचं म्हणे दुधात पिठलं होतं. मी इतकी वर्षं खालाच्या भाकरीचा जो जाडपणा दोष समजत होते, तो कुणाला तरी हवाच होता. हे कुठल्या झाकणानं मोजून मला कळलं असतं? मला मामाची आठवण झाली. लिलावात मामा उभा असायचा तेव्हा त्यालाही ठाऊक नसायचं की कोण कुठून काय शोधत आलंय. ते जाणून घ्यायलाच तर तो जायचा. आमच्या वडिलांना मात्र ते कधी जाणून घ्यावंच लागलं नाही, कारण ऊस म्हणजे ऊस, वजनावर जायचा.

एवढं सगळं मी मोठ्या कौतुकानं बघत होते आणि माझ्या स्वतःच्या डब्याकडे बघायचं विसरले होते. खरं सांगायचं तर विसरले नव्हते, टाळत होते. माझा डबा भरलेला राहत होता.

लोक झाकण उघडायचे, बघायचे, झाकण लावायचे. पातळ हवी त्यांना माझी जाड होती, जाड हवी त्यांना पातळ. दुकानदार बिचारा म्हणायचा, “तुमची बी चांगलीच हाय, वैनी. मधली हाय.” संध्याकाळी माझ्या भाकरींचे तुकडे घरी यायचे. तेच तुकडे. दोन बोटांच्या खोल खड्ड्यांशी मोडलेले, जिथे भाकरी सर्वात पातळ होते तिथे. तेव्हा मला उमगलं की इतके दिवस परत येत होते ते तुकडे खालाचे नव्हतेच. आम्ही खालाला सांभाळत नव्हतो. त्या दोघी मिळून मला सांभाळत होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला रडू आलं आणि मी ते कांदा चिरायला घेऊन भागवलं.

मी पुन्हा एकत्र करू या असं म्हणाले असते, आणि आता त्यामागे कारण काय हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून म्हणाले नाही. पण ह्याच सुमाराला जाऊला चिकनगुनिया झाला. मनगटं सुजली, बोटं मिटेनात. तिचा डबा दुकानात रिकामा पडून राहिला आणि येणारी बाई झाकण उघडून तशीच परत जायला लागली. जुन्या व्यवस्थेत तिचा वाटा तिला बसल्या जागी मिळाला असता. मी तिच्यासाठी खिचडी घेऊन गेले आणि म्हटलं, खालाचं चांगलं चाललंय, आमच्यातलं तुला देतो.

“न्हाय अक्का,” ती म्हणाली. “डबा माझा, तर ताप बी माझाच.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचं होतं का आणखी कशाचं हे मला सांगता येणार नाही. तिनं खिचडी मात्र खाल्ली. मी भरवली. त्या दिवशी मला वाटलं, अकलूजच्या ओट्यावर बसलेले माझे वडील काही वेडे नव्हते. आणि लगेच हेही वाटलं की जाऊला आता परत झाकणाखाली जा म्हणायची माझी हिंमत नाही. दोन्ही वाटणं खरी होती आणि त्यांचं आपसात जमत नव्हतं. अजूनही जमलेलं नाही.

जाऊ बरी झाली आणि तिच्या चंद्रकोरी पुन्हा उमटायला लागल्या, जरा फिकट. माझा डबा मी काढून घेणार होते. ज्वारी निवडायचं आणि दळून आणायचं काम तिघींचं मिळून अजून माझ्याकडेच होतं. मला दाण्याची पारख आहे, एवढं दोघीही मान्य करतात. तेवढंच करावं, असं मी ठरवत होते. त्याच आठवड्यात दुकानदार म्हणाला, “वैनी, तुमच्या भाकरीला एक गिऱ्हाईक लागलंय. नेमानं.”

“कोण?”

“रिक्षावाला येतो, घेऊन जातो. कुणासाठी ते मी इचारलं न्हाय. गिऱ्हाईकाला कुणी इचारतं का?”

मी विचारते, पण तो रिक्षावाला मला सापडेना. मी रसाच्या बाकड्यावर पुन्हा जाऊन बसले. मी आले की तो यायचा नाही आणि मी गेले की येऊन जायचा. मी ह्या गिऱ्हाईकाचा विचार करायला लागले. एकटा राहणारा मास्तर असेल. नाहीतर पुण्याहून आलेली कुणी पोरगी असेल, जिला तिच्या आईच्या हाताची अशीच, मधली भाकरी आठवत असेल. त्या गिऱ्हाईकाला ज्वारी गोड लागावी म्हणून मी दाणा अजून निवडून घेऊ लागले. पातळ करू का जाड, रोज सकाळी परातीसमोर बसून मी एका न पाहिलेल्या माणसाच्या दातांचा विचार करायची. लग्न ठरल्यावर ह्यांचाही मी इतका विचार केला नव्हता.

दोन-तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी खालाचं पीठ संपलं म्हणून मी तिच्याकडे पिशवी घेऊन गेले. तिचा गुडघा धरला होता, ती खाटेवरून उठू शकली नाही. “अंदर रख दे,” म्हणाली. मी स्वयंपाकघरात पिठाचा डबा हुडकायला लागले. फळीवर पातेलं पालथं घातलेलं होतं. मी ते उचललं आणि खाली फडक्यात गुंडाळलेला भाकरींचा गठ्ठा निघाला. मला वाटलं तिच्याच. एक उचलून पालथी केली. दोन बोटांचे खोल खड्डे.

तेव्हा आठवलं, खालाचा जावई रिक्षा चालवतो.

मी ती भाकरी हातात घेऊन बाहेर आले. खालानं एकदा भाकरीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली.

“खाला, ह्या तुमी इकत का घेता?” मी म्हटलं. “मागितल्या असत्या तर मी दिल्या नसत्या का? घरी पडूनच असत्यात.”

“मुफत का नक्को मेरेकू,” खाला म्हणाली. “मेरे पैसे, मेरी मर्जी.”

“पण खरं सांगा. चव आवडते म्हणून घेता, का माझी दया येते म्हणून?”

तिनं अडकित्ता बाजूला ठेवला. ती रागावली नव्हती. उलट जरा मजेत होती, असं मला वाटलं.

“इत्ते दिन मेरी रोटी सब में मिलाती थी तू,” ती म्हणाली. “मेरे भले के वास्ते. तब मेरेकू पूछी क्या? अब मैं बी नै बोलती.”

मी भाकरी पुन्हा फडक्यात गुंडाळली, वर पातेलं पालथं घातलं, पीठ डब्यात ओतलं. चप्पल घालून दाराशी आले, तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“सुन. कल की जरा कम भून. दांत नै मेरेकू.”

इतक्या वर्षांत माझ्या भाकरीकडून कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी मागत होतं. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तवा तापायच्या आत पीठ जरा सैल मळलं.